सतरा

सोमवार, रात्र

कालपासून तो आकडा डोक्यातून जात नाहीये. काल डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळत होतो, पात्रं होऊन बोलायचा आणि फासे टाकायचा खेळ. तो दादा चालवतो. माझं पात्र बार्ड, बोलून कामं काढणारी, आणि तिला रात्री नदीपार न्यायला एका नावाड्याला पटवायचं होतं. वीस बाजूंच्या फाशावर १० पडले, त्यात बार्डचे मन वळवायचे ७ मिळवले, १७ झाले. दादाने आधी १५ गाठायला सांगितले होते. मग म्हणाला, “थांब, नावाड्याला काय सांगतेस ते आधी बोलून दाखव.” मी बोलले. त्याने जरा विचार केला. “एवढ्यावर कोण रात्रीची नाव सोडेल? २० कर.” १७ पुरले नाहीत.

झालं ते एवढंच. कुणी हसलंसुद्धा नाही. क्लेरिकचं पात्र खेळणाऱ्याने चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली, ते उलट जास्त लागलं.

१५ असते तर मला फाशावर ८ किंवा त्याहून जास्त हवे होते, म्हणजे ६५ टक्के. २० ला १३ लागतात, म्हणजे ४० टक्के. मधले २५ टक्के माझ्या आवाजापायी गेले.

मी म्हणाले होते, आम्हाला पलीकडे जायचंय, मदत केलीत तर उपकार होतील. डोक्यात वेगळंच होतं. नावाड्याचा भाऊ किल्ल्यावर कोठडीत आहे, हे मागच्या खेपेला मीच काढून घेतलं होतं. किल्लेदाराला पत्र लिहून देते, भावाची निदान सुनावणी होईल, असं सांगायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कॅरेक्टरमध्ये शिरलं की आमचं टेबल आपोआप इंग्रजीत जातं. खेळ संपल्यावर गरवारे कॉलेजला मेट्रोत बसले आणि नळ स्टॉप यायच्या आत सगळं जुळून आलं. भाऊ, पत्र, त्याच्या आईचं नाव. मराठीत. ते ऐकून त्याने नाव सोडली असती.

टेबलावर माझ्यानंतर बार्बेरियन, म्हणजे आमच्यातला ताकदवान लढवय्या खेळणारा, उठला. तो कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकला उभा राहिलेला आहे, भरत नाट्यच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे त्याला. नदीवर बोलला, पाण्यावर जगणाऱ्या माणसांवर बोलला. मीही ऐकत राहिले, खरंच सुंदर बोलला. दादा म्हणाला, “बसा नावेत.” रोल, म्हणजे फासा टाकणं, मागितलंच नाही.

त्याच्या पात्राचा करिश्मा, म्हणजे लोकांवर छाप पाडायची ताकद, ८ आहे. म्हणजे फाशावर पडेल त्यातून वजा १. ताकद वाढवायला त्याने तो मुद्दाम खाली ठेवलाय. मी माझा सगळ्यात मोठा आकडा करिश्म्यात घातला, आणि त्यापायी माझ्या बार्डची तब्येत तोळामासा, दोन बाण लागले की आडवी. ती किंमत मी प्रत्येक लढाईत मोजते. त्याची किंमत काल कुणी मागितलीच नाही.

दार फोडताना त्याला कुणी खुर्ची उचलून दाखव म्हणत नाही. हा मुद्दा जुना आहे, त्यावरचं दादाचं उत्तरही मला पाठ आहे: बोलणं हाच तर खेळ, ते फाशावर सोडलं की माणसं गप्प बसून आकडे फेकतात. ते खोटं नाही. १९७४ च्या पहिल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये करिश्मा होता, समोरचा कसा वागेल हे बघायला दोन साधे फासे होते, बाकीची मनधरणी ज्याची त्याने करायची. २००० साली तिसरी आवृत्ती आली, डिप्लोमसी आणि ब्लफची वेगळी कौशल्यं झाली, आणि डिप्लोमसी पुरेशी वाढवली की जिवावर उठलेला शत्रू एका रोलमध्ये मित्र व्हायला लागला. दादा ते खेळलाय. त्याचा धसका मला कळतो.

तरी “बोलून दाखव” आठवलं की पोटात गोळा येतो. शाळेतली तोंडी परीक्षा. मागच्या महिन्यातली ती मीटिंग, जाऊ दे. या गावात पटकन उत्तर देतो तो हुशार. बाकीच्यांना काही सुचत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. पात्राच्या शीटवरचे करिश्म्याचे ते १८ ही एकच जागा आहे जिथे मला सगळं वेळेवर सुचतं. तिथेही मलाच बोलून दाखवायला लावलं.

झोप येईना म्हणून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचं डीएम गाइड, खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक, उघडलं. ज्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाने धोका नसलेलं काम करायला १०. त्यात त्याला थोडा धोका, थोडी झळ असेल तर २०.

रात्रीची वेळ, पलीकडे पहारा, पकडला गेला तर नाव जप्त. म्हणजे २० च. दादाचा आकडा बरोबर होता!

हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटलं. “त्याची नाव जाऊ शकते, म्हणून २०” असं तो म्हणाला असता, तर त्याच १७ वर मी हरले असते आणि मजेत घरी आले असते. आणि त्याच हिशोबाने बार्बेरियनला फाशावर २० पडले तरी एकूण १९. या नियमांत कौशल्याच्या रोलला नुसते २० पडले म्हणून आपोआप जमत नाही. तो नावाडी काल कुणालाच बधला नसता. आम्ही काठावर बसून दुसरी वाट शोधली असती, आणि मला ते जास्त आवडलं असतं.

अपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या खेळात हे नीट केलंय. काय हवंय ते सांगायचं, समोरच्याला पटेल असं काहीतरी हातात हवं, मग दोन फासे. १० किंवा त्याहून जास्त आले तर वचनावर भागतं, ७ ते ९ आले तर त्याला आत्ताच्या आत्ता काहीतरी ठोस द्यावं लागतं. शब्द किती छान होते, हे फासे विचारत नाहीत.

दादाला मेसेज केला. आधी काय हवंय आणि बदल्यात काय देणार ते सांगू, त्यावरून तू आकडा ठरव, मग रोल, आणि जे पडेल ते मग बोलून दाखवू. हरलेलंही. कुणी फार छान बोललं तर दोनदा फासा टाकू दे, पण टाकू दे सगळ्यांनाच.

त्याचं उत्तर आलं: “बघू रविवारी.” त्याचं ‘बघू’ कुठे जातं ते मला माहीत आहे. पण बार्ड मी बदलणार नाही, आणि किल्लेदाराचं पत्र आत्ताच लिहायला घेतलंय.