इतिवृत्तात न आलेलं नाव

आमच्या ठाण्याच्या महाविद्यालयात शिक्षक संघटनेच्या युनिटची वार्षिक सभा शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये भरते. गेली चार वर्षं मी युनिटची सचिव आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, वर्गणी, कोणाची स्थाननिश्चिती अडकली, कोणाची वेतननिश्चिती चुकली, एवढं झालं की तासाभरात मंडळी घरी जातात. यंदा विषयपत्रिकेवर मी सहावा विषय घातला होता: तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना युनिटचं सभासद करून घेणे.

त्यांना आम्ही सगळे सीएचबीच म्हणतो, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’वरचे. कायम प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, पण तास तर व्हायलाच हवेत. मग त्या जागेचे तास वाटून दिले जातात. जेवढे तास तेवढे पैसे. दिवाळीत तास नाही, मे महिन्यात तास नाही, म्हणजे पैसेही नाहीत. तेही दरमहा मिळत नाहीत. मान्यता आली, बिल मंजूर झालं, की मग एकदम.

ज्यांच्यामुळे हा विषय आला त्या मॅडमना मी मुद्दाम बोलावलं होतं. सकाळी सात-वीसचं लेक्चर त्या आमच्याकडे घेतात, अकराच्या सुमारास ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून कोपरखैरण्याला दुसऱ्या महाविद्यालयात जातात. सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, झालेली, पीएचडी झालेली. जूनपासूनचं बिल जानेवारी उजाडला तरी निघालेलं नव्हतं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन.

विरोध होणार हे मला माहीत होतं, आणि विरोध करणारे कोणी वाईट नव्हते. एक सर म्हणाले, वर्गणी आपल्या पगारातून कापली जाते. यांना दरमहा पगारच नाही, तर कापणार कशातून? अर्थशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, उद्या यांची संख्या आपल्यापेक्षा जास्त झाली तर? तिसरा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटला. कायम प्राध्यापकाला बडतर्फ केलं तर विद्यापीठ कायद्याने न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सीएचबीला कोणी काढून टाकतच नाही. सत्र संपतं, नेमणुकीचा आदेश संपतो, जूनमध्ये फोन येत नाही. दाद मागायची ती कशाविरुद्ध?

मी दाराजवळच्या मॅडमना बोलायला सांगितलं. त्या उठल्या आणि पर्समधून दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. काहीच बोलल्या नाहीत.

वही हातोहात फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी दोन पानं नीट वाचली. तारीख, वर्ग, विषय, किती मुलं हजर, लेक्चर सुरू झालं किती वाजता आणि संपलं किती वाजता. प्रत्येक ओळीपुढे वर्गप्रतिनिधीची सही. एका ओळीवर लिहिलं होतं, ‘पाऊस, गाड्या बंद, ४ मुलं, तास घेतला.’ आम्ही कायम माणसं मस्टरवर एक सही करतो आणि महिना पुरा होतो. या बाईंना आपण वर्गात उभ्या होतो याचा पुरावा दर तासाला गोळा करावा लागतो.

मग आमचे सर्वांत ज्येष्ठ सर उठले. ते या मे महिन्यात निवृत्त होतायत. सभेत ते फारसं बोलत नाहीत, आणि ते या ठरावाच्या बाजूचे नाहीत अशीच माझी समजूत होती.

ते म्हणाले, “मी १९९३ ला लागलो. नेट-सेट नव्हतं. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या आम्हा लोकांच्या सेवा धरायच्या की नाही, यावर वर्षानुवर्षं कागद फिरले. २०१३ ला एमफुक्टोने, आपल्या राज्यभरातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने, परीक्षांवर बहिष्कार टाकला, फेब्रुवारी ते मे. तेव्हा या खोलीतल्या किती जणांचा त्या प्रश्नाशी संबंध होता? निम्म्यांचं नेट झालेलं होतं. तरी ते आमच्यासाठी थांबले आणि ७१ दिवसांचा पगार अडकवून बसले. माझ्याकडे सेट नव्हतं, पण मागे माणसं होती. यांच्याकडे सेट आहे.” एवढं बोलून ते खाली बसले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मतदान हात वर करून झालं. बाजूने १४, विरोधात ९. तिघांनी हात वर केलाच नाही. सभासदत्वाचा नियम बदलणं युनिटच्या हातात नाही, म्हणून ठराव शिफारस म्हणून मूळ संघटनेकडे जाईल. पण थकलेल्या बिलांचा पाठपुरावा युनिटने सोमवारपासून करायचा, यावर मात्र कोणाचंच दुमत झालं नाही. वर्गणीचा प्रश्न काढलेल्या सरांनीच त्या कामासाठी स्वतःचं नाव दिलं.

सभा संपल्यावर मी इतिवृत्ताचा मसुदा लिहीत बसले होते. मॅडम वही घ्यायला आल्या. मी आनंदात होते, त्यांना वाचूनच दाखवलं: अमुक मॅडम यांनी आपली तासिकांची नोंदवही सभेपुढे ठेवली.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, माझं नाव नका लिहू.”

मी म्हटलं, अहो, ठराव तुमच्या बाजूने झालाय.

“झालाय ना. पण जूनमध्ये आदेश कोण काढणार?” थोडं थांबून म्हणाल्या, “सभासदत्वाचा फॉर्म भरायचं मी सोमवारी सांगते.”

मला काही बोलताच आलं नाही. ज्यांना संघटनेची सर्वात जास्त गरज, त्यांनाच तिच्या कागदावर सही करणं परवडत नाही, हे मी सभेत भाषणात म्हणाले होते. ते वाक्य आता माझ्यासमोर पर्स सांभाळत उभं होतं. मी त्यांच्या देखत नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका’.

सोमवारी प्राचार्यांना द्यायच्या पत्रातही मी त्यांचं एकटीचं नाव घातलं नाही. आमच्याकडच्या सगळ्या सीएचबी प्राध्यापकांची थकलेली बिलं, विषयवार, एका तक्त्यात मांडली, म्हणजे कोणी एकटं दिसायला नको. खाली युनिटतर्फे सव्वीस जणांच्या सह्या घेतल्या. ठरावाच्या विरोधात हात वर केलेल्या नऊ जणांच्याही त्यात आहेत.

फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कोरा. मॅडमनी भरलेला नाही, आणि मीही परत विचारलेलं नाही.