न वाहणारा कालवा

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या आपल्या वर्गाला कालवा म्हटलं की पाळीपाळीने सुटणारं आवर्तन, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या आणि दारं उघडणारा पाटकरी एवढंच ठाऊक. मी इंग्लंडातल्या डिवायझेसहून थेट सहावीत आलो आणि म्हणालो, 'आमचा कालवा वाहत नाही.' कुणाला पटलं नाही. तेव्हा समजावणं जमलं नाही, ते आता लिहितो.

आमचा तो केनेट अँड एव्हन कालवा शेतीसाठी नव्हे, मालाच्या बोटींसाठी खणलेला. बोटीला सपाट, संथ पाणी लागतं. डिवायझेसला टेकडी आडवी येते, म्हणून तिथे दोन मैलांत बोटी वर-खाली नेणारे २९ लॉक आहेत आणि चढ २३७ फूट. त्यांतली १६ केन हिलच्या उतारावर जिन्यासारखी एकाखाली एक. बांधकाम १८१० साली पुरं झालं. रेल्वेने धंदा पळवला, कालवा मोडकळीला आला, तो १९९० साली राणी एलिझाबेथच्या हस्ते पुन्हा खुला झाला.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट हौद. एक बोट पार झाली की सुमारे सव्वादोन लाख लिटर पाणी वरून खाली जातं. केन हिलवर दोन लॉकच्या मध्ये ते साठवायला जागाच नाही, म्हणून बाजूला आडवी तळी खोदली आहेत. पायथ्याचा पंप १९९६पासून पाणी परत वर चढवतो, दिवसाला सव्वातीन कोटी लिटरच्या घरात.

बोट वर न्यायची तर ती रिकाम्या लॉकमध्ये घ्यायची, खालची दारं लावायची आणि विंडलास नावाच्या हँडलने वरच्या झडपा उचलायच्या, म्हणजे वरचं पाणी आत येतं. काठावरच्या झडपा आधी, त्याही हळूहळू. दारातल्या झडपा घाईने उघडल्या तर पाण्याचा लोट बोटीच्या नाकावर कोसळतो. खिट्टी बसल्याशिवाय हँडल सोडायचं नाही, गरगर फिरून मनगट मोडतं. दारं वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना आवळून धरतो. पातळीत इंचभर फरक असला तरी दार हलत नाही. पातळी जुळली की मात्र दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटलं तर शाळकरी पोरालाही ते उघडतं.

खरा धोका उतरताना. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो, भरल्या लॉकमध्ये तो दिसत नाही. बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला तर पाणी उतरताना मागची बाजू अडकते, नाक खाली जातं आणि काही क्षणांत बोट बुडते. म्हणून काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे राहायचं. दोरही पक्का बांधायचा नाही, हातात सैल ठेवायचा, नाहीतर बोट टांगली जाते. असं काही दिसलं की आधी खालच्या झडपा पाडून पाणी थांबवायचं, आरडाओरडा नंतर.

निघताना सगळ्या झडपा खाली आहेत ना, ते बघायचं. एखादी उघडी राहिली की लॉकच्या वरच्या बाजूचं पाणी रात्रीत उतरतं आणि सकाळी बोटी चिखलात बसलेल्या असतात. पाटकऱ्याने दार उघडं टाकलं की काय होतं, ते आपल्या वर्गाला मी काय सांगू!