एकाच बोळाचं गणित

संस्थेच्या ग्रंथालयात जुने बांधीव अंक, अहवाल आणि नोंदवह्या ठेवायची खोली ओसंडून वाहायला लागली, तेव्हा ग्रंथपाल सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्ही ड्रॉइंग करता ना? मग सरकणारे रॅक जमतात का बघा." मी एरवी यंत्रांच्या सांगाड्यांची ड्रॉइंग करते, कपाटं हा माझा प्रांत नाही. पण भरलेला रॅक रुळावरून सरकवायचा म्हणजे ते कपाट कमी आणि यंत्रच जास्त. म्हणून हो म्हटलं. सरकारी कचेऱ्यांत, बँकांत ज्याला कॉम्पॅक्टर म्हणतात तेच हे. फक्त तयार विकत न घेता आमच्या खोलीच्या मापाने करून घ्यायचं होतं.

पहिली मापं घेतली आणि खोली कोण खातंय ते लगेच दिसलं. सहा मीटर लांबीत भिंतींना टेकलेले दोन एकेरी रॅक, मध्ये तीन दुहेरी, आणि त्यांच्यामध्ये पाऊण-पाऊण मीटरचे चार बोळ. एकेरी रॅक ३० सेंमी खोल, दुहेरी ६० सेंमी. म्हणजे रॅकसाठी २.४ मीटर, आणि माणसाला चालायला ३ मीटर. उरलेल्या ६० सेंमीत आणखी एक दुहेरी रॅक आणि त्याचा बोळ बसत नव्हता. एका वेळी माणूस एकाच बोळात उभा राहतो, बाकीचे तीन नुसते वाट बघत असतात.

दुहेरी रॅक चाकांवर घेतले आणि एकच बोळ ठेवला तर? भिंतीचे दोन एकेरी रॅक जागचे हलवायचे नाहीत. त्यांचे ६० सेंमी आणि बोळाचे ९० सेंमी सोडले की साडेचार मीटर राहतात. रबरी बफरसकट एका दुहेरी रॅकला ६३ सेंमी धरले तर सात बसतात. आधी पुस्तकांच्या आठ बाजू होत्या, आता सोळा झाल्या. बरोबर दुप्पट, आणि बोळ आधीपेक्षा रुंद. सरांना कागद दाखवला तेव्हा ते खूश झाले. मी मात्र नव्हते, कारण दुप्पट पुस्तकं म्हणजे त्याच जमिनीवर दुप्पट वजन.

ही कल्पना काही नवी नाही. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात १८८७ मध्ये जागच्या रॅकसमोर टांगते, सरकणारे रॅक बसवले होते. ब्रिटनचे पंतप्रधान राहिलेले ग्लॅडस्टन यांनी १८९० च्या एका निबंधात पुस्तकांच्या कपाटांचे गठ्ठे एकापुढे एक रुळांवर उभे करायची सूचना केली होती, आणि जाता जाता, कंसात, जमीन भक्कम हवी असंही लिहिलं होतं. आमचं निम्मं काम त्या कंसातच अडकलं.

वजनाचा हिशेब अंदाजाने करायचा नव्हता. सरांच्या टेबलाशेजारी वजनकाटा ठेवला आणि फळीवरचे एकेक मीटर खंड उतरवून तोलले. पातळ अहवाल आणि जाड खंड धरून मीटरला सरासरी ३० किलो आले. गुळगुळीत आर्ट पेपरचे खंड याहून बरेच जड भरले, ते खालच्या फळ्यांवर ठेवायचं तिथेच ठरलं. एक गाडा, म्हणजे चाकांवरचा एक दुहेरी रॅक, २.७ मीटर लांब, दोन्ही बाजूंना सात-सात फळ्या, म्हणजे जवळपास ३८ मीटर फळी. पुस्तकांचे साडेअकराशे किलो आणि लोखंडाचे दोनशे मिळून गाडा तेराशे किलोंच्या पुढे गेला. तो उभा राहतो सुमारे १.६ चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला आठशे किलो.

ऑफिससाठी बांधलेला स्लॅब चौरस मीटरला साधारण २५० ते ३०० किलोंच्या हिशेबाने केलेला असतो. ब्रिटिश मानकात साध्या ग्रंथसाठ्याच्या खोलीला उंचीच्या दर मीटरमागे चौरस मीटरला २.४ किलोन्यूटन भार धरायला सांगितलंय (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचं वजन), आणि सरकत्या दाट रॅकना ४.८. शिवाय या दाट रॅकना एकूण भार ९.६ च्या खाली धरायचाच नाही. हे आकडे मी स्ट्रक्चरल इंजिनिअरांपुढे ठेवले. त्यांनी माझ्या कागदाकडे आणि मग आमच्या वरच्या मजल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खाली जा." त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्याच मापाची तळमजल्यावरची खोली, जिची फरशी थेट भरावावरच्या काँक्रीटवर होती, ती आम्ही मागून घेतली. तिथे मोडकं फर्निचर होतं, ते हलवायला ड्रॉइंगपेक्षा जास्त खटपट पडली.

मग गाड्याचा पाया. लोखंडी चॅनलची चौकट, तीन रूळ, प्रत्येक रुळावर दोन, अशी सहा चाकं. खाच असलेली चाकं फक्त एकाच रुळावर, बाकी दोन रुळांवर सपाट. तिन्हीवर खाचा केल्या आणि रूळ दोन मिलिमीटरनं जरी इकडेतिकडे झाले, तर चाकं आपसात भांडतात आणि गाडा अडतो. दुसरी भानगड तिरपं जाण्याची. लांब गाडा एका टोकाला ढकलला की ते टोक पुढे जातं, दुसरं मागे राहतं, आणि जड ड्रॉवर अडकावा तसा अख्खा गाडा अडकून बसतो. म्हणून तिन्ही रुळांवरची एका बाजूची चाकं गाड्याच्या लांबीभर जाणाऱ्या एकाच शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, घेतली. हँडल फिरलं की तिन्ही चाकं एकदम आणि सारखीच फिरतात. फॅब्रिकेटर मिस्त्रींना हा शाफ्ट फालतू खर्च वाटत होता. "मॅडम, चांगली बेअरिंग टाकतो, नुसता हात लावला की पळेल." मी म्हटलं, "मिस्त्री, पळायला नकोय, सरळ चालायला हवाय."

हँडलचा हिशेब मला सगळ्यात आवडला. स्वच्छ पोलादी रुळावर पोलादी चाक, आत बॉल बेअरिंग, अशी गाडी ढकलायला तिच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का जोर लागतो. वाईटात वाईट एक टक्का धरला तर एका गाड्याला तेरा किलो, आणि चार गाडे एकदम सरकवायचे तर बावन्न. सरांच्या मदतनीस बाईंना दिवसभर हे करायला लावणं शक्यच नव्हतं. चाकाची त्रिज्या ५ सेंमी, हँडलची २० सेंमी, आणि मध्ये चेन-स्प्रॉकेटने, म्हणजे साखळी आणि दातेरी चाकांनी, एकास तीन असा वेग कमी केला. चार गुणिले तीन, बारा पट फायदा. बावन्न किलोंचं काम हाताला साडेचार किलोंवर आलं. त्याच्या बदल्यात एका फेऱ्यात गाडा साडेदहा सेंटिमीटरच सरकतो, म्हणजे ९० सेंमीचा बोळ उघडायला नऊएक फेरे. मोटर बसवायची सूचनाही आली होती. वीज गेली तर पुस्तकं आत बंद, त्यामुळे ती मी तिथल्या तिथे बाजूला ठेवली.

याच हिशेबाची दुसरी बाजू मिस्त्रींना पटवायला वेळ गेला. गाडा अर्ध्या टक्क्याच्या जोरावर हलत असेल, तर मीटरला पाच मिलिमीटर उतारही त्याला पुरतो, तो कुणी न ढकलता निघतो. आणि धुवायच्या खोल्यांच्या फरशीला पाणी निघावं म्हणून मीटरला एक सेंटिमीटर उतार मुद्दाम दिलेला असतो. बेअरिंग जेवढं भारी, तेवढी लेव्हल काटेकोर हवी. म्हणून रूळ थेट फरशीवर न टाकता त्याखाली लोखंडी पट्ट्या सारून, लेव्हल पाइपने खोलीच्या चारही कोपऱ्यांतलं पाणी जुळवून, मग न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, पोकळी भरली. मीटरला एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी मान्य करणार नव्हते. मिस्त्री आधी कुरकुरले, नंतर स्वतःच दर जोडाला पट्टी लावून बघायला लागले. रुळांमधली जागा प्लायवूडने वर उचलून घेतली आणि दाराशी लहान उतरंड केली, नाहीतर पुस्तकांची ट्रॉली दर वेळी रुळाला आपटली असती.

पडण्याचं भय वेगळं. गाडा सव्वादोन मीटर उंच, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम ४५ सेंमी. वजनाचा मध्य जिथे येतो तिथे वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा आडवा जोर बसला की तो कलायला लागतो. वेगात येऊन आपटला तर तेवढा जोर सहज मिळतो. म्हणून पायाखाली रुळाच्या कडेत अडकणारे आकडे लावले आणि दोन गाड्यांमध्ये जाड रबरी बफर. एकेरी रॅक चाकांवर न घेण्याचं कारणही हेच, ३० सेंमीच्या बुडावर एवढी उंची मला झेपली नसती.

आणि आत माणूस असताना? हाताचा जोर बारा पट करणारं हँडल आत उभ्या असलेल्या माणसालाही बारा पट जोराने दाबतं. दहा किलोंनी फिरवलं तर पलीकडे शंभराच्या वर. ड्रॉइंगच्या पहिल्या बैठकीत हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं, सगळे जागेबद्दलच बोलत होते. आता प्रत्येक हँडलच्या मध्यभागी एक खिट्टी आहे. आत जाणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या गाड्यांची खिट्टी दाबायची, मग हँडल फिरत नाही. पण माणसं विसरतात, म्हणून गाड्याच्या बुडाशी घोट्याच्या उंचीवर लांबीभर एक पायपट्टी लावली. ती कशालाही टेकून मागे गेली की एक अडसर दातेरी चाकात पडतो आणि गाडा जागीच थांबतो. तपासायला मी बोळात रिकामं खोकं ठेवलं आणि मदतनीस बाईंना जोरात फिरवायला सांगितलं. खोक्याला चुणीही पडली नाही. बाईंचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा स्वतःची चप्पल ठेवून बघितली.

दिव्यांचं सांगायला हवं, कारण ते इलेक्ट्रिशियनला शेवटपर्यंत उलटं वाटत राहिलं. साध्या रॅकमध्ये ट्यूब बोळाच्या लांबीने लावतात. इथे बोळच जागा बदलतो. म्हणून ट्यूब रॅकना आडव्या, म्हणजे रुळांच्या दिशेने लावल्या. बोळ कुठेही उघडा, उजेड दोन्ही फळ्यांवर पडतो.

तळमजला असल्यामुळे ओलीची धास्ती होती. गच्च मिटलेल्या रॅकमध्ये हवा अडकते आणि बुरशीला तेवढं पुरतं. बफरमुळे गाड्यांमध्ये फट राहतेच, शिवाय संध्याकाळी सगळे एकीकडे न सारता बोळाची मोकळी जागा सात गाड्यांत वाटून ठेवायची, असं ठरवलं. भिंतीच्या रॅकना मागे पत्रा लावला नाही, आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून हातभर नसली तरी वीतभर उंच घेतली.

सरांची एक तक्रार मात्र खरी होती आणि तिला यंत्रात उत्तर नाही. बोळ एकच, म्हणून माणूसही एकच. दोघांना दोन टोकांचे खंड हवे असतील तर एकाला थांबावं लागतं. त्यामुळे सारखे मागितले जाणारे संदर्भग्रंथ आम्ही या रॅकमध्ये घातलेच नाहीत, हँडलांसमोरच्या भिंतीला उघडा रॅक करून तिथे ठेवले. उरलेले लावताना सरांनी गाड्यागणिक क्रम लावायला घेतला होता, एका गाड्याची पुढची बाजू, मग त्याचीच मागची. मी त्यांना थांबवलं. गाड्याच्या दोन बाजू कधीच एका बोळात उघडत नाहीत, उघडतात त्या समोरासमोरच्या. एका मासिकाचे १ ते २० खंड एका गाड्याच्या दोन बाजूंना विभागले तर मध्येच बाहेर येऊन हँडलं फिरवावी लागणार. म्हणून क्रम बोळाप्रमाणे लावला, आणि हँडलशेजारच्या पाट्यांवर गाड्याचा नंबर न लिहिता त्याच्या डाव्या आणि उजव्या बोळात काय आहे ते लिहिलं. पाट्या सरांनी स्वतःच्या अक्षरात केल्या. कार्डांवरचे जुने रॅक नंबर बदलायचं काम अजून चालू आहे.