एक माळ लावली, बाकी पाच जशाच्या तशा

रामबागेतल्या आमच्या गणपतीच्या आरासीत दिव्यांच्या सहा माळा आहेत. त्या अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या 8 ते 13 पिनांवरून चालतात, आणि या सहाही पिना म्हणजे पोर्टबी या एकाच रजिस्टरचे (चिपमधल्या आठ बिटांच्या कप्प्याचे) 0 ते 5 बिट. बिट 1 असला की माळ लागते, 0 असला की विझते. यंदा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. जुन्यात दर बदलाला साधं = लावून पोर्टमध्ये अख्खा आकडा लिहिलेला होता. मखराची माळ लावायची तर बाकी पाच माळांची स्थितीही ध्यानात ठेवा. एखादी राहिली की ती विझली.

मी हे सगळं बिटवाइज असाइनमेंटवर, म्हणजे हवा तेवढाच बिट बदलणाऱ्या |= सारख्या चिन्हांवर, आणायला घेतलं. आधी कागदावर. पोर्टमध्ये 00100101 आहे, मखर बिट 3 वर (उजवीकडून, 0 पासून मोजून). मास्क, म्हणजे कुठला बिट बदलायचा ते दाखवणारा आकडा, (1 << 3): 1 तीन घरं डावीकडे सरकवून 00001000.

पोर्टबी |= मास्क;

मास्कमध्ये जिथे 1 आहे तो बिट 1 होतो, बाकीचे तसेच. आता 00101101. शेजारच्या कुणालाही धक्का नाही.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, 8 मिळवायचेच आहेत तर += का नको?" फार चांगला प्रश्न! त्याला मी तीच ओळ दुसऱ्यांदा चालवून बघायला लावली. माळ आधीच लागलेली असताना 8 मिळवले की हातचा पुढे जातो आणि 00110101 होतं: मखर विझलं, पलीकडची माळ लागली. |= कितीदाही चालवा, लागलेली माळ लागलेलीच राहते. मला त्याचा हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

विझवायला पोर्टबी &= ~मास्क. इथे मास्कचे सगळे बिट उलटे करणारा ~ हवाच, नाहीतर फक्त मखर उरतं आणि बाकी सगळा अंधार. लुकलुकवायला ^=, ते मास्कचा बिट उलटा करतं, आधीची स्थिती विचारायचीच नाही.

धावत्या दिव्याला मास्क <<= 1 पुरतं. फक्त 32 नंतर 64 येतात, आणि उनोवर बिट 6 आणि 7 क्रिस्टलला (चिपच्या घड्याळाला) दिलेले असतात, म्हणून 64 आले की मास्क परत 1 करायचा.

बटण पिन 2 वर आहे, पुलअप (एरवी पिन 1 वर धरून ठेवणारा रोधक) लावलेलं, म्हणजे दाबलं की शून्य. त्याची स्थिती पिनडी या रजिस्टरमध्ये बिट 2 वर वाचता येते, मास्कही त्याच बिटाचा. तिथे पिनडी & मास्क == 0 असं लिहिलं तर सी भाषा आधी == बघते. मास्क शून्य नाही, त्यामुळे अट कधीच खरी होत नाही. बटण कितीही दाबा. (पिनडी & मास्क) == 0, कंस घालूनच.