उमरा करून आलो: जाणाऱ्यांसाठी थोडं, विचारणाऱ्यांसाठी थोडं

मागच्या महिन्यात अम्मीला घेऊन मी आणि भाऊ उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून आलो. आल्यापासून दोन प्रकारचे फोन येतायत. एक, ज्यांना जायचंय त्यांचे, की काय काय न्यायचं, चालणं किती आहे, अम्मींचे गुडघे टिकले कसे. आणि दुसरे मैत्रिणींचे, की तुम्ही तिथे नक्की करता तरी काय आणि त्या काळ्या चौकोनात, काबात, आत काय असतं. मक्केत मुसलमानांखेरीज कुणाला जाता येत नाही, त्यामुळे त्यांचं कुतूहल रास्तच आहे. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे उमरा म्हणजे हज नाही. इस्लामचे पाच अरकान, म्हणजे खांब, आहेत: कलमा (श्रद्धेची साक्ष), पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशा-सोन्यावर अडीच टक्के जकात (दान), आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. यात उमरा येत नाही. हज इस्लामी वर्षाच्या शेवटच्या, जिलहज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांतच होतो, उमरा वर्षभर कधीही. हनफी आणि शाफई हे सुन्नींमधले दोन पंथ; हनफींमध्ये तो सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे पैगंबरांची आग्रहाने पाळायची रीत, शाफईंमध्ये आयुष्यात एकदा फर्ज, म्हणजे सक्तीचा. करायच्या गोष्टी मोजून चार: एहराम, काबाभोवती तवाफ म्हणजे फेऱ्या, सफा-मरवा या दोन टेकड्यांमधली सई म्हणजे ये-जा, आणि केस कापणं. बस्स. पण आम्ही जाताना डोक्यात इतकं भरून नेलं होतं (अमुक खांबाजवळ अमुक दुआ म्हणजे प्रार्थना, तमुक भिंतीला हात लागलाच पाहिजे) की पहिला दिवस टेन्शनमध्येच गेला. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की फर्ज काय, वाजिब (फर्जच्या खालोखाल गरजेचं) काय, सुन्नत काय आणि आपली नुसती हौस काय हे जायच्या आधी एखाद्या आलिमकडे, धर्माच्या जाणकाराकडे, बसून वेगळं करून घ्या. दमछाक सगळी त्या शेवटच्या खात्यात होते.

एहराम म्हणजे पुरुषांच्या दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी एवढंच लोकांना माहीत असतं, पण ती खरं तर एक अवस्था आहे. नियत (मनात संकल्प) करून ‘लब्बैक’ (मी हजर आहे) म्हटलं की त्यात शिरलात. मग सुगंध नाही, नखं-केस कापायचे नाहीत, शिकार नाही, भांडणतंटा नाही, पुरुषांनी डोकं झाकायचं नाही. बायकांना नेहमीचे साधे कपडे चालतात, फक्त नकाब आणि हातमोजे नकोत. ही अवस्था मक्केपासून ठराविक अंतरावरच्या हद्दीच्या, म्हणजे मीकातच्या, आत जायच्या आधी सुरू करावी लागते, आणि विमानाने थेट जेद्दाला जात असाल तर ती हद्द हवेतच ओलांडली जाते. तशीच ओलांडली तर दम द्यावा लागतो, म्हणजे बकरा कुर्बान. आमच्या भाऊरायांनी चादरी चेक-इनच्या बॅगेत घातल्या होत्या! काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवता ठेवता अम्मीला आठवलं म्हणून वाचलो, नाहीतर साहेब जीन्समध्येच मीकात पार करणार होते. तर चादरी हातातल्या बॅगेत, किंवा सरळ एअरपोर्टवर गुंडाळूनच विमानात चढा. आणि जेवणाबरोबर ते लिंबाच्या वासाचं ओलं टिश्यू देतात ना, ते नियत झाल्यावर फाडू नका. साबणही बिनवासाचा न्या.

हॉटेलबद्दल आमची तक्रार आहे. टूरवाल्याने हरमपासून, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीपासून, ‘पाच मिनिटं’ सांगितलं होतं, ती पाच मिनिटं बसची निघाली, पायी गेलं तर वीसच्या वर आणि परतताना चढ. पैसे भरायच्या आधी हॉटेलचं नाव घेऊन मॅपवर पायी किती वेळ लागतो ते स्वतः बघा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर दोन दिवस कमी राहा पण जवळ राहा.

आता काबा. पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही, प्रयत्नही करत नाही. पण मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर: आत तीन लाकडी खांब आहेत, टांगलेले दिवे आहेत, बाकी मोकळं. मूर्ती नाही, कबर नाही. काबाची पूजा होत नाही, ती नमाजची दिशा आहे, किबला. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढायचे, हिजरतनंतर, म्हणजे मक्का सोडल्यावर, मदिनेत असताना ती दिशा बदलून काबाची झाली. कोपऱ्यातल्या काळ्या दगडाचं, हजर-ए-अस्वदचं, म्हणाल तर हजरत उमर, दुसरे खलिफा, त्याच्यासमोर उभं राहून म्हणाले होते की मला माहितीय तू एक दगड आहेस, ना तू नुकसान करू शकतोस ना फायदा, रसूलुल्लाहना (पैगंबर मुहम्मदांना) तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. हे वाक्य प्रत्येकाने पाठ करून जावं. कारण तिथे दगडाजवळ जी ढकलाढकली चालते ती बघून वाईट वाटतं. चुंबन घेणं सुन्नत आहे, लांबून हात करून ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हटलं तरी चालतं, आणि कुणाला कोपर मारणं मात्र सरळ गुनाह. म्हणजे सुन्नतसाठी गुनाह! शिवाय काबावरच्या गिलाफाला, त्या काळ्या कापडाला, अत्तर लावलेलं असतं, एहराममध्ये हात लावला की वास आपल्या हाताला, नवीन भानगड.

तवाफ सात फेऱ्यांचा, काबा आपल्या डाव्या हाताला ठेवून. वुजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) करून उतरा. सुरुवात हजर-ए-अस्वदच्या कोपऱ्यापासून, समोर मशिदीच्या भिंतीवर हिरवा दिवा आहे, तो आला की एक फेरी झाली. एका बाजूला अर्धगोल कमी उंचीची भिंत आहे, हतीम, ती काबाचाच भाग धरतात, म्हणून फेरी तिच्या बाहेरूनच घ्यायची, आतून शॉर्टकट मारला तर ती फेरी धरली जात नाही. चौथी की पाचवी यात माझा गोंधळ झालाच, मी कमीचा आकडा धरला आणि एक फेरी जास्त घातली. सात मण्यांची छोटी तसबीह हातात ठेवा, फोनवर मोजायला जाल तर व्हिडिओ काढत बसाल. फरशीचं टेन्शन नको, ते पांढरं संगमरवर ग्रीसच्या थासोस बेटावरून आणलेलं आहे, भर दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असताना अनवाणी पायाला ते गार लागतं, मी मुद्दाम उभी राहून बघितलं. व्हीलचेअर वरच्या मजल्यावर पाठवतात आणि तिथली फेरी बरीच लांब पडते, भाऊ अम्मीला ढकलून घामाघूम. तिथे बॅटरीच्या गाड्याही असतात, तिकीट काढून, गुडघेवाल्यांनी लाजू नये. आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते गेटच्या नंबरासकट आधी ठरवा, ‘क्लॉक टॉवरखाली’ म्हणून भागत नाही, त्याच्याखाली अख्खं जग उभं असतं.

सईच्या मागे बीबी हाजराची कथा आहे. त्यांचे पती हजरत इब्राहीम त्यांना आणि तान्ह्या इस्माईलला अल्लाहच्या हुकमाने ओसाड खोऱ्यात सोडून गेले, पाणी संपलं, आणि ती आई या टेकडीवरून त्या टेकडीवर सात वेळा धावली, तेव्हा बाळाजवळ जमजमच्या झऱ्याचं पाणी फुटलं. आता सगळं एसी आहे, छत आहे. मध्ये हिरवे दिवे लावलेल्या पट्ट्यात पुरुषांनी थोडं धावायचं, बायकांनी चालायचं. धावली ती बाई, आणि आता धावतात पुरुष! अम्मीला म्हटलं तर ती म्हणाली, ‘गप, दुआ वाच’. सफा ते मरवा एक, मरवा ते सफा दोन, अशी मोजणी, म्हणजे सातवी मरवालाच संपते. सफावर संपली तर कुठेतरी चुकलंय. एकूण सुमारे तीन किलोमीटर चालणं होतं, तवाफनंतर लगेच, म्हणून मध्ये जमजम पीत थांबत जा. शेवटी भाऊने डोकं पूर्ण उतरवलं, आम्ही दोघींनी वेणीचं टोक बोटाच्या पेराएवढं कापलं. छोटी कात्री चेक-इनच्या बॅगेत टाका.

बायकांसाठी एक: पाळी आली तर तवाफ थांबतो, पाक झाल्यावरच करायचा, दुआ-जिक्र (नामस्मरण) मात्र चालू ठेवता येतं. म्हणून मक्केतले दिवस अगदी मोजून बुक करू नका, हाताशी दोन-तीन दिवस राहू द्या.

नमाजसाठी अजानच्या बरंच आधी आत जाऊन बसा, नंतर रस्त्यावर जागा मिळते. असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, तिथे आम्हा हनफींच्या वेळेपेक्षा लवकर होते, पहिल्या दिवशी आमची जमात (सगळ्यांबरोबरची नमाज) चुकली. आणि फर्ज नमाज संपली की बहुतेक वेळा लगेच जनाजाची, म्हणजे मयतासाठीची, नमाज पुकारतात. मी ती आयुष्यात कधी पढले नव्हते. पहिल्या वेळी ‘अल्लाहु अकबर’ ऐकलं, थोड्या वेळाने परत ऐकलं, मी सवयीने रुकूत (कमरेतून वाकलेली), आणि आजूबाजूच्या सगळ्याजणी ताठ उभ्या. शेजारच्या इंडोनेशियन काकूंनी हळूच पाठीला हात लावून मला सरळ केलं. तर लक्षात ठेवा: यात रुकू नाही, सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) नाही, चार तकबीर (‘अल्लाहु अकबर’ म्हणणं) उभ्यानेच, पहिलीनंतर सना (अल्लाहची स्तुती) किंवा फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय), दुसरीनंतर दुरूद (पैगंबरांसाठी दुआ), तिसरीनंतर मयतासाठी दुआ, चौथीनंतर सलाम, तिथे तो फक्त उजवीकडे फिरवतात. कोण गेलं, कुठल्या देशाचं, काही माहीत नसतं. दिवसात तीन-चार वेळा अनोळखी माणसासाठी दुआ मागून व्हायची, मला तर मक्केतलं हेच सगळ्यात जास्त आठवतंय.

मदिनेला हरमैन ट्रेनने गेलो, ताशी ३०० किलोमीटर, अडीच तासांच्या आत पोचवते. मक्केतलं स्टेशन हरमपासून लांब आहे, टॅक्सीचा वेळ धरा. मस्जिद-ए-नबवीतल्या (पैगंबरांच्या मशिदीतल्या) रियाजुल जन्ना या खास जागेला नुसुक या सरकारी ॲपवर परमिट लागतं, बायकांच्या आणि पुरुषांच्या वेळा वेगळ्या, नियम बदलत राहतात, म्हणून व्हिसा हातात आला की लगेच ॲप उघडा. रौज्यासमोर, पैगंबरांच्या कबरीसमोर, सलाम पेश करायचा, मागायचं मात्र अल्लाहकडे, हात उचलून रसूलुल्लाहकडेच मागायला लागलात तर तिथले लोक टोकतात. कुबा मशिदीत सकाळी लवकर जा, हॉटेलातून वुजू करून निघा, तिथे दोन रकात नमाज पढली की उमऱ्याएवढा सवाब (पुण्य) आहे अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे.

घसा सगळ्यांचा बसतो, आमचाही बसला. हरममध्ये जमजमच्या ज्या टाक्यांवर ‘नॉट कोल्ड’ लिहिलेलं असतं त्यातलंच प्या, गार पाण्याने अम्मी दोन रात्री खोकली. घरी आणायचं जमजम पाच लिटरच्या सीलबंद खोक्यातलंच घ्या. आम्ही हौसेने बाटल्या भरून बॅगेत लपवल्या होत्या, त्या एअरपोर्टवर निघाल्या, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांनी तिथल्या तिथे पिऊन संपवल्या.