मांडी घातली तेव्हा

सोमवार, रात्री दीड

उद्या साडेनऊला मीटिंग आहे, आणि मी जागी आहे. कारण आज मला एक आख्खा डोंगर सापडला.

दिवाळीत भाच्याने त्याचा जुना पीएस४, टीव्हीला जोडून खेळायचा डबा, माझ्याकडे टाकला. "मावशी, बाकी काही खेळू नकोस, फक्त डार्क सोल्स ३ खेळ," म्हणाला. २०१६ चा खेळ. जग तो कधीच खेळून मोकळं झालंय आणि मी आत्ता कुठे त्यात मार खातेय. रात्रीची भांडी झाली की तासभर, कधी दोन. माझ्या पात्राचं नाव मी सगुणा ठेवलंय. चिलखत घालून फिरते बिचारी आणि दर दहा मिनिटांनी मरते.

या खेळात कोणी काही सांगत नाही. इकडे जा, तिकडे जा असे बाण नाहीत, कामांची यादी नाही. इतर खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले संदेश दिसतात म्हणे, पण मी ऑफलाइनच खेळते. माझी जमीन कोरी. त्यामुळे आज जे झालं ते निव्वळ योगायोगाने झालं, आणि म्हणूनच लिहून ठेवतेय.

तीनेक आठवड्यांपूर्वी खेळातल्या लोथ्रिक नावाच्या राज्याच्या किल्ल्याखाली एक बाग लागली होती. नावाला बाग, खाली सगळा विषारी चिखल. तिच्या टोकाला ओसीरॉस नावाचा राजा. वेडा झालेला, अर्धा ड्रॅगन. एका हाताने तान्हं बाळ छातीशी धरल्यासारखं करतो, पण बाळ आपल्याला दिसत नाही. त्याला मारताना मला मनापासून वाईट वाटलं होतं. त्याच्या पलीकडच्या खोलीत एक वाळलेलं प्रेत मांडी घालून, ध्यानाला बसल्यासारखं. त्याच्यापाशी गेल्यावर तलवार नाही, अंगठी नाही, मिळाली एक मुद्रा. 'ड्रॅगनची वाट' असं काहीसं नाव. बटण दाबलं की सगुणा तशीच मांडी घालून बसते. बस. एवढंच.

मी ती मुद्रा दोन दिवस सगळीकडे करून पाहिली. लोहारासमोर बसवलं, विस्तवापाशी बसवलं, एकदा तर शत्रू समोरून येत असताना. काही होईना. मग विसरून गेले.

आज इरिथिल नावाच्या नगरीच्या तुरुंगात राहिलेलं काहीतरी उचलायला परत गेले होते. (ती जागा मला बघवत नाही. तापलेल्या सळया घेऊन फिरणारे जेलर नुसते बघत राहिले तरी आपलं आयुष्य आटत जातं.) तिथून बाहेर एका कड्यावर आले. गार वारा, खाली दरी, लांबवर डोंगर. आणि कड्यावर ध्यानाला बसलेला एक मोठा, ड्रॅगनसारख्या अंगाचा देह, कधीचा मेलेला. त्याच्या शेजारी जागा रिकामी. पंगत बसलीय आणि एक पाट कोणासाठी तरी ठेवलाय, तसं.

आई मागे सोफ्यावर लसूण सोलत होती. सगुणा मांडी घालून बसली तशी म्हणाली, "इतका वेळ मारामारी, आणि आता जपाला बसली का ही?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पडद्यावर तो लांबचा डोंगर दिसायला लागला. आणि सगुणा तिथे पोचली होती.

मंगळवार

मीटिंगमध्ये दोनदा नाव घेऊनही मला ऐकू आलं नाही. असो.

या डोंगराचं नाव आर्कड्रॅगन पीक. सगळ्यात आधी काय जाणवलं तर ऊन. गेले दोन महिने राख, धुकं, थडगी, मेणबत्त्या. आणि इथे एकदम माथेरानच्या सकाळीसारखं स्वच्छ ऊन. भीतीच वाटली मला. हा खेळ उगाच ऊन देणार नाही.

माणसाच्या अंगाचे आणि सापाच्या तोंडाचे पहारेकरी. काहींच्या कुऱ्हाडीला साखळी, ती लांबून सणकन येते. मध्ये एक भलामोठा पंखवाला ड्रॅगन वाट अडवून बसलेला. त्याच्या पायाशी अर्धा तास तलवार घासली, उपयोग शून्य. मग जिने, माच्या चढत त्याच्या डोक्याच्या वर पोचले आणि खाली उडी मारली. एका वारात मेला. अर्धा तास कुठे, एक वार कुठे. स्वतःशीच हसले.

खरी गंमत पुढे. वर एक प्रचंड घंटा आहे. वाजवायलाच हवी असं काही नाही. न वाजवता डोंगर उतरून गेलं तरी खेळ पूर्ण होतो, शेवटसुद्धा बघायला मिळतो. मुळात हा डोंगरच न बघता खेळ संपतो. पण देवळात गेल्यावर घंटा न वाजवता परत येणारी माणसं निराळी. मी वाजवली.

खालून ढग वर यायला लागले. दरी भरली, आणि जिथे आत्तापर्यंत खोल कडा होता तिथे ढगांचं मैदान तयार झालं. पाय ठेवून पाहिला. बुडाला नाही. चार पावलं गेले आणि वरून तो आला. वादळी पक्ष्यासारख्या ड्रॅगनवर बसलेला, पांढऱ्या विस्कटलेल्या केसांचा, हातात तलवार म्हणावं की भाला असं हत्यार. पडद्याखाली नाव आलं ते ड्रॅगनचं: वादळाचा राजा. वर बसलेल्याला नाव नव्हतं.

चार सेकंदांत मेले.

बुधवार

आज अकरा वेळा मेले. मोजलंय, वहीत रेघा आहेत.

लढाई दोन भागांची. आधी ड्रॅगन संपवायचा, मग त्याच्यावर बसलेला राजा पायी उतरतो आणि त्याची आयुष्याची पट्टी वेगळी, पूर्ण भरलेली. ड्रॅगनचं मला आज थोडं कळलं. माझी चूक अशी की मी नजर त्याच्यावर लॉक करून ठेवत होते. तो उडाला की कॅमेरा आभाळात, आणि आग जमिनीवर. पाय भाजताहेत आणि मला दिसतंय फक्त पोट. लॉक काढून टाकलं, त्याच्या डोक्याच्या आसपास राहायला लागले, तलवारीला विजेची राळ लावली (ड्रॅगनला वीज लागते), आणि दहाव्या फेरीत तो पडला.

तो पडल्यावर जे दिसतं ते मी लिहितेय, कारण उद्यापर्यंत त्याची सवय होईल. राजा उतरतो. मरणाऱ्या ड्रॅगनच्या डोक्यावर हात ठेवतो, आपण म्हाताऱ्या बैलाच्या कपाळावर ठेवतो तसा. आणि मग तोच भाला त्याच्यात खुपसून त्याची सगळी ताकद स्वतःत घेतो. माझा कंट्रोलर मांडीवर पडलेला. दृश्य संपून लढाई सुरू झाली तरी मी तशीच. पहिल्याच वारात गेले.

गुरुवार

आजचा दिवस आईचा.

राजा पायी उतरल्यावर मी कशी मरते हे मला कळतच नव्हतं. बटण वेळेवर दाबते, सगुणा लोळण घेते, आणि लोळण संपताना बरोबर डोक्यात वार. खेळच खोटारडा आहे असं तोंडातून निघालं. आई भजनाहून आली होती, टाळ अजून पिशवीतच होते. जरा वेळ उभी राहून बघत होती.

"अगं, तो हात वर नेऊन थांबतोय. तू आधीच पळतेस."

"आई, वार येतो तेव्हा पळावंच लागतं."

"वार येतच नाहीये अजून. बघ ना नीट. तो हात वर नेतो, मग एक मात्रा रिकामी जाते, आणि मग मारतो. तू रिकाम्या मात्रेवर उड्या मारतेस. आमच्या मंडळातल्या नव्या बायका अशाच टाळ वाजवतात."

मला राग आला, कारण खरं होतं. पुढच्या फेरीत मी मारलंच नाही. फक्त त्याच्याकडे बघत उभी राहिले. भाला वर जातो. थांबतो. इतका थांबतो की बोट आपोआप बटणावर जातं. त्या थांबण्यातच सगळा सापळा आहे. भाला वर गेला की पळायचं असं इतर बॉसनी, म्हणजे वाटेतल्या मोठ्या शत्रूंनी, दोन महिने शिकवलेलं असतं. हा नेमका त्या शिकवणीला मारतो. दुसरा एक वार आहे, त्यात तो हवेत उडतो आणि वरच राहतो, जणू विसरला. मग कोसळतो. आणि एका वारात भाल्यावर उचलून धरतो, तेव्हा मी कंट्रोलर ठेवून पाणी प्यायला जाते.

आई मागून "आता... आता... हां!" करत होती. तिसऱ्या "हां"ला मी पहिल्यांदा बरोबर लोळण घेतली आणि वार शेजारून गेला. ढगांत भोक पडलं. आई म्हणाली, "जमलं की," आणि जेवायला वाढायला गेली. लगेच मेले.

शुक्रवार

लिहायचंच नव्हतं.

राजाची पट्टी करंगळीएवढी उरली होती. माझ्याकडे औषधाची एक बाटली शिल्लक. अंगठे घामाने ओले. आणि लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर पंखे आणि राउटर चालवतो, टीव्ही नाही. अंधारात काळ्या पडद्यासमोर मी कंट्रोलर धरून बसलेली, बाहेर शेजारचा पोरगा "गेली गेली" ओरडतोय. पाऊण तासाने आली. तो जुना मठ्ठ डबा सुरू झाला, आणि अर्थातच लढाई पहिल्यापासून.

भाच्याला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, "मावशी, त्याला तिथे गाठलंस हेच मोठं. मी पहिल्यांदा गेम संपवला तेव्हा तो डोंगर आहे हेच मला माहीत नव्हतं." त्याने पुढचं सांगायला सुरुवात केली तसं मी थांबवलं. जिंकल्यावर सांग.

रविवार, संध्याकाळ

शनिवारी हात लावला नाही. दळण आणलं, बँकेचं काम केलं, मैत्रिणीकडे जाऊन आले. आज दुपारी चारला बसले.

वर्णन करण्यासारखं फार नाही, हेच आश्चर्य. आरडाओरडा नाही, शेवटच्या थेंबावरचा थरार नाही. ड्रॅगन तिसऱ्या मिनिटाला पडला. राजा उतरला. भाला वर. थांबला. मीही थांबले. रिकामी मात्रा गेली. लोळण, एक वार, मागे. दुसरा मोह आवरला. दोन वार मारायला गेलं की तो हमखास धरतो. असं बराच वेळ. मध्ये एकदा विजेचा झोत बसला आणि दोन बाटल्या गेल्या. बाकी शांत. शेवटचा वार केला तेव्हा मला वाटलं अजून एक लागेल, म्हणून मी मागे हटलेसुद्धा होते. तो धुरासारखा विरून गेला.

आई झोपलेली. मी एकटीच "ओ!" म्हणाले, हळू.

मग भाच्याला फोन, आणि आता पूर्ण कहाणी ऐकली. मालिकेच्या पहिल्या खेळात, २०११ च्या, ग्विन नावाचा सूर्याचा देव आहे. त्याने ड्रॅगनांचा नायनाट केला. त्याला एक थोरला मुलगा होता, युद्धाचा देव, आणि त्याचं नाव इतिहासातून पुसून टाकलेलं. आनोर लोंडो नावाच्या देवांच्या नगरीत पुतळे आहेत आणि एक चौथरा पुतळ्याविना. सगळे त्या मुलाबद्दल तर्क करत राहिले. पाच वर्षांनी या डोंगरावर हा बिननावाचा राजा सापडला. त्याच्या आत्म्याच्या वर्णनात लिहिलंय की तो एकेकाळी ड्रॅगन मारणारा युद्धदेव होता आणि सगळं सोडून ड्रॅगनांना जाऊन मिळाला. हाच तो मुलगा, असं खेळ सरळ कुठेच म्हणत नाही. पण चौथरा रिकामा का, हे मग कळतं. ड्रॅगनच्या कपाळावरचा तो हातही.

फोन ठेवून परत डोंगरावर गेले, राहिलेलं शोधायला. एक चिलखत सापडलं. सोनेरी, सिंहाच्या तोंडाचं शिरस्त्राण. नुसतं चिलखत, आत कोणी नाही. वर्णन वाचत होते तेवढ्यात आई डोळे चोळत आली, चहाचं आधण ठेवून.

"हरला का तो?"

"हरला."

"आणि हे कोणाचं?"

"ऑर्नस्टाइन म्हणून त्याचा एक जुना सरदार होता. ओसाड देवळाची राखण करत होता किती वर्षं. शेवटी ते सोडून याला शोधायला निघाला."

"मग भेट झाली का दोघांची?"

परत वाचून पाहिलं. तेवढं लिहिलेलं नाही.

आई म्हणाली, "चहा उकळेल," आणि आत गेली. मी सगुणाला त्या चिलखताच्या शेजारी मांडी घालून बसवलं आणि टीव्ही तसाच चालू ठेवून उठले.