धडगावला 11 महिने, नवीन येणाऱ्या सिस्टरांसाठी

मी अमळनेरची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय. 11 महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात (कागदावर अक्राणी) एका आरोग्य केंद्रात काम करून आले. ज्यांची ऑर्डर निघालीय त्यांच्यासाठी लिहितेय.

अमळनेरहून सुरत लाइनच्या गाडीने नंदुरबार, तिथून प्रकाशाला तापी ओलांडून शहादा, मग धडगावची एसटी. बॅटरी, चांगला रेनकोट, पकड असलेले बूट, पॉवर बँक सगळं शहाद्यातच घ्या. म्हसावदपर्यंत केळी-पपई दिसते, पुढे घाट लागला की मोबाइलची रेंज जाते. पावसात दरड आली तर गाडी तिथेच थांबते म्हणून जॉइनिंगच्या आदल्या दिवशीच पोचा.

मला वाटलेलं अहिराणी येते, निभेल. पहिल्याच ओपीडीत कळलं की इथे पावरी (पावरा आदिवासींची भाषा) बोलतात आणि आपली अहिराणी बऱ्याच बायांना कळतच नाही. मग आशाताईंजवळ बसून वहीत वाक्यं लिहून घेतली, कुठे दुखतं, कधीपासून, बाळ हलतंय का, लघवी झाली का. ही वही पहिल्या आठवड्यातच करा.

आता जे सांगायचंच आहे ते. जुलैत अंधार पडता पडता चार जणांनी एक बाई झोळीत घालून आणली, पहिलटकरीण, पाय सुजलेले, डोकं दुखतंय, बीपी 160/110. माझ्या तोंडून निघून गेलं, इतका उशीर का केला? कोणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर मॅगसल्फचा (झटके येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन) पहिला डोस दिला, 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5, आणि ॲम्ब्युलन्समधून पुढे पाठवली. आई-बाळ दोघं वाचले. नंतर आशाताई म्हणाली, सिस्टर, ते सकाळीच निघाले होते, नाल्याला पूर होता म्हणून पाणी उतरायची वाट बघत काठावर बसले. मला अजून त्या प्रश्नाचं वाईट वाटतं.

तेव्हापासून आम्ही नववा महिना लागलेल्या बायांची यादी करायचो, नावापुढे तारीख आणि मध्ये कुठला नाला लागतो ते. माहेरघरात (आरोग्य केंद्राजवळची गरोदर बायांची राहायची खोली) आधी येऊन राहायची सोय असते, पण घरची लहान पोरं नि शेळ्या कोण बघणार? म्हणून एकट्या सुनेशी बोलून उपयोग नाही, सासूशी बोला, नवऱ्याशी बोला, पाड्यावर जाऊन बोला. आणि मॅगसल्फ, ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन), सर्पदंशावरचं प्रतिविष पहिल्याच दिवशी स्वतः तारखा बघून मोजा.

सिकलसेलचे (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) पेशंट भरपूर. थंडीत सांधे, हाडं दुखत येतात, त्याला अंगदुखी म्हणून सोडू नका, सिकलसेल तपासणीचं कार्ड मागा. त्यावर एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार, नुसता वाहक नाही) असेल तर पाणी भरपूर, ऊब, डॉक्टरांना लगेच सांगा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्याआधी फॉलिक ॲसिडच्या पुरेशा गोळ्या हातात द्या, तिकडे कोणी देईल या भरवशावर राहू नका.

होळीच्या आठवड्यात सुट्टी मागू नका. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासींचा मोठा बाजार) भरतो, बाहेर गेलेली माणसं पोरांसकट परत येतात. आम्ही बाजाराच्या कडेलाच वजनकाटा आणि दंडाची पट्टी घेऊन बसलो, 11.5 सेंटीमीटरच्या खाली दंड असलेली, म्हणजे अतिकुपोषित पोरं तिथेच सापडली, आणि आया ढोल वाजत असताना थांबून ऐकून घेत होत्या.